टॉर्च घेऊन जीपखाली

माझी पहिली जुनी जीप विकणाऱ्याने मला ‘विलिस एमबी, १९४३’ म्हणून दिली होती, आणि डॅशबोर्डवर स्क्रूने बसवलेल्या ओळखपट्टीवरही तेच कोरलेले होते. ऑलिव्ह रंग ताजा होता, बॉनेटवर पांढरा तारा रेखलेला होता आणि इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. एवढ्यावर मी भुललो. तीन आठवड्यांनी रेडिएटरचे पाणी कुठून गळते ते शोधण्यासाठी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो, तेव्हा रेडिएटरच्या खालचा चासीचा आडवा दांडा गोल नळीचा नसून उलट्या ‘यू’च्या आकाराचा असल्याचे दिसले. विलिसच्या चासीला त्या जागी गोल नळी असते. उलटा ‘यू’ असतो तो फोर्डच्या चासीला. म्हणजे मी नाव विलिसचे आणि सांगाडा फोर्डचा अशी गाडी घरी आणली होती, आणि खरेदीपूर्वी दोन मिनिटे गुडघे टेकून पाहिले असते, तर हे तेव्हाच कळले असते.

ही गफलत इतकी सोपी का आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी वाहनासाठी १३५ कंपन्यांकडे विचारणा केली. बॅन्टम नावाच्या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट यांच्या आराखड्यावरून त्याच सप्टेंबरात पहिला नमुना उभा केला, परंतु मोठे कंत्राट पुढे विलिस-ओव्हरलँडच्या पदरात पडले. आणि एका कारखान्याच्या उत्पादनावर युद्ध भागणार नाही म्हणून फोर्डला विलिसच्याच आराखड्याबरहुकूम गाड्या बनवण्याचे काम देण्यात आले. विलिसची ती ‘एमबी’ आणि फोर्डची ती ‘जीपीडब्ल्यू’. दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) ८० इंच, चार सिलिंडरांचे सुमारे २.२ लिटरचे ६० अश्वशक्तीचे इंजिन, सहा व्होल्टची विद्युतयंत्रणा, हे सगळे दोन्हींत सारखे, कारण एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे हीच सैन्याची अट होती.

त्यामुळे फरक शोधायचा तो बारीकसारीक जागी. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटवले. फोर्डचा चासी क्रमांक डाव्या दांड्याच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो, तर विलिसचा क्रमांक बंपरच्या मागे, डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला रिव्हेटने बसवलेल्या छोट्या पट्टीवर असतो. इंजिनच्या ब्लॉकवरील क्रमांकाची सुरुवात ‘एमबी’ने होते की ‘जीपीडब्ल्यू’ने, हेही पाहावे. बॉडीवर मात्र विसंबू नये, कारण १९४४ पासून दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांवर एकाच धाटणीची सामाईक बॉडी चढू लागली. माझ्या जीपचा ब्लॉक विलिसचा, चासी फोर्डची आणि बॉडी त्या सामाईक प्रकारची निघाली. ओळखपट्टी तर पूर्णपणे नवी, कुठेतरी छापून आणलेली होती.

पहिल्या संतापाचा भर ओसरल्यावर माझ्या लक्षात आले की, या सरमिसळीचा मोठा भाग मुळीच लबाडीचा नव्हता. युद्धकाळात आणि त्यानंतरही सैन्याच्या दुरुस्ती-कारखान्यांत जीप पूर्ण उकलून, भागांचे ढीग लावून, हाताला येईल तो चांगला भाग बसवून पुन्हा उभ्या केल्या जात. फोर्डच्या चासीवर विलिसचे इंजिन बसले, ते असे एखाद्या सैनिकी मेकॅनिकच्या हातूनही बसलेले असू शकते, आणि तसे असेल तर तो त्या गाडीच्या चरित्राचाच भाग आहे. लबाडी होती ती फक्त त्या ओळखपट्टीत. भाग बदलणे हा जुन्या गाडीचा स्वभाव आहे. तो बदल लपवणे हा विक्रेत्याचा स्वभाव असतो. ही दोन्ही कामे एकाच तराजूत तोलणारे संग्राहक मला पुष्कळ भेटले आहेत. ‘सगळे क्रमांक जुळतात का?’ एवढे विचारून ते थांबतात, आणि न जुळणाऱ्या क्रमांकांची प्रामाणिक गाडी सोडून, नव्याने ठोकलेल्या जुळत्या क्रमांकांची गाडी घेऊन जातात.

याच मोहाचे आणखी एक रूप म्हणजे समोरची जाळी. विलिसच्या सुरुवातीच्या सुमारे पंचवीस हजार गाड्यांना लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने जोडून केलेली जाळी होती. नंतर फोर्डची एकाच पत्र्यातून दाबून काढलेली नऊ फटींची जाळी दोघांनीही स्वीकारली. पट्ट्यांची जाळी असलेली गाडी दुर्मीळ आणि म्हणून महाग. पण तशी जाळी आज नवी बनवून मिळते, आणि ती नंतरच्या वर्षांच्या गाडीवर बसवणे हे एका दुपारचे काम आहे. जाळी पाहून वर्ष ठरवणे म्हणजे पगडी पाहून वय ठरवण्यासारखे आहे. आणि लाकडी खोक्यात ग्रीस लावून बंद केलेली, पन्नास डॉलरला मिळणारी कोरी युद्धकालीन जीप? ती अमेरिकेतल्या मासिकांच्या जाहिरातींत कित्येक दशके विकली गेली. पैसे पाठवणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात पडायची ती सरकारी लिलावांची माहिती देणारी पुस्तिका.

लँड रोव्हरच्या बाबतीत फसण्याची जागा वेगळी आहे. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटर प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा होता, म्हणून तिची बॉडी बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. ‘ही गाडी गंजत नाही’ हा समज तिथूनच निघाला आणि विक्रेत्यांनी तो लाडाने जोपासला. वास्तविक चासी पोलादाची, इंजिन आणि केबिन यांच्यामधली आडवी भिंतही पोलादाची. आणि जिथे पोलाद व ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात, तिथे ओलावा मिळाला की दोन धातूंच्या संगतीने झीज अधिकच वेगाने होते. लोखंडी पत्र्याच्या गाडीवर पुट्टी कुठे भरली आहे ते शोधायला आम्ही खिशात लोहचुंबक ठेवतो. लँड रोव्हरच्या अंगावर तो चिकटतच नाही. एका नवख्या मित्राने घाबरून मला सांगितले होते की या गाडीवर सगळीकडे पुट्टीच आहे! तिथे चुंबकाऐवजी लहान हातोडी न्यावी आणि चासीच्या मागच्या टोकाला, स्प्रिंगांच्या आधारांपाशी आणि त्या आडव्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यांत हलकेच ठोकून पाहावे. निरोगी पोलाद खणखणते. कुजलेल्याचा आवाज बसका येतो. विक्रेत्याने ठोकू दिले नाही, तर उत्तर मिळालेच असे समजावे.

१९६० ते १९८४ या काळातल्या टोयोटाच्या एफजे-४० मालिकेबद्दल एवढेच म्हणतो की तिची इंजिने सहसा पत्र्यापेक्षा जास्त टिकतात, त्यामुळे आवाज ऐकून हुरळू नये. १९६६ ते १९७७ च्या फोर्ड ब्रॉन्कोमध्ये मागच्या चाकांवरच्या कमानी बारकाईने पाहाव्यात. मोठे टायर बसवण्यासाठी बहुतेकांनी त्या कापल्या, आणि आज न कापलेल्या कमानींची गाडी मिळाली की संग्राहक तिच्यासाठी बरेच अधिक मोजतात. मोठ्या चाकांची हौस करणाऱ्यांनीच अशी त्यांच्या पुढच्या पिढीसाठी टंचाई निर्माण करून ठेवली. टायर जुन्या नक्षीचे आहेत म्हणून ते मूळचे मानू नयेत. २००० सालापासूनच्या टायरवर उमटवलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि कित्येकदा तेवढ्यानेच विक्रेत्याची कहाणी लटकी पडते.

गाडी चकचकीत करावी की जशी आहे तशी राखावी, हा वाद या छंदात कधी मिटत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये केलेली ट्युरिन सनद मूळ द्रव्य शक्य तितके राखण्याच्या बाजूने आहे, आणि मीही त्याच बाजूचा आहे. ॲमस्टरडॅमला मांडलेली मूळ लँड रोव्हर १९६० च्या दशकापर्यंत रस्त्यावर होती, मग वेल्समधल्या एका शेतात सुमारे वीस वर्षे पडून राहिली, आणि अखेर सॉलिहलजवळच्या एका बागेत सापडली. सॉलिहल म्हणजे तिचे जन्मस्थानच. २०१८ मध्ये कंपनीने तिच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले, तेव्हा जुन्या पृष्ठभागावरील काळाच्या खुणा राखण्यावर भर होता. १९५५-५६ मध्ये लंडनहून सिंगापूरला गेलेल्या ऑक्सफर्ड-केंब्रिज मोहिमेतली ‘ऑक्सफर्ड’ नावाची गाडी पुढे सेंट हेलेना बेटावर खितपत पडली होती. ती परत आणली गेली आणि २०१९ मध्ये सिंगापूरहून लंडनकडे धावली. या दोन्ही गाड्यांचे मोल त्यांच्या पत्र्यात नाही. ही तीच गाडी आहे, असे ठामपणे म्हणता येते, याचे ते मोल आहे.

तसे म्हणता येण्यासाठी लागतो कागद, आणि म्हणूनच मी गाड्यांपेक्षा त्यांच्या भोवतीच्या वस्तू गोळा करण्यात अधिक रमू लागलो. विक्रीसाठी छापलेली माहितीपत्रके, सुट्या भागांच्या याद्या, कार्यशाळेच्या पुस्तिका, कापडी गुंडाळीतली हत्यारे, बिल्ले, इंधनाचे डबे. लोक यांना शोभेच्या वस्तू समजतात. मी त्यांना साक्षीदार समजतो. एखाद्या वर्षी कारखान्याने कोणते रंग दिले, जोडयंत्रे कोणती दिली, याचा निवाडा माहितीपत्रकावरून होतो, आणि कोणता भाग कोणत्या क्रमांकाच्या गाडीपासून बदलला हे सुट्या भागांच्या यादीत सापडते. माझ्याकडे जीपची १९४४ ची टीएम ९-८०३ ही सैनिकी पुस्तिका आहे. तिच्या कार्बुरेटरच्या पानावर तेलकट अंगठ्याचा ठसा आणि समासात पेन्सिलीने केलेल्या बेरजा आहेत. अशी मळलेली प्रत बाजारात स्वस्त मिळते आणि कोरी प्रत महाग, हे मला अजून उलटेच वाटते.

अर्थात या बाजारातही नकला आहेतच. कागदासाठी माझी चाचणी साधी आहे: अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरायचा. कागदाला शुभ्रता आणणारी रसायने युद्धानंतरच्या काळात सर्रास वापरली जाऊ लागली, त्यामुळे युद्धकालीन म्हणवणारी पुस्तिका निळसर चमकू लागली की ती मुकाट्याने परत करावी. डब्यांवर बहुधा बनवणाऱ्याची खूण आणि वर्ष ठोकलेले असते. मूळचा वीस लिटरचा डबा जर्मन. त्याला तरफेचे झाकण होते, तर अमेरिकनांनी आपल्या इंधनाच्या डब्याला आट्यांचे झाकण दिले. बिल्ल्यांवर झीज नेहमी उंच भागावर हवी आणि मळ खोलगट भागात. नकली बिल्ल्यावर दोन्ही सगळीकडे सारखे पसरलेले असते. सर्वाधिक सावधगिरी कॅमल ट्रॉफीच्या वस्तूंत बाळगावी. १९८० ते २००० दरम्यान झालेल्या या स्पर्धेतल्या पिवळसर लँड रोव्हर इतक्या लोकप्रिय आहेत की रंगाचा डबा आणि काही चिकटचित्रे यांवर नवी ‘स्पर्धक’ गाडी उभी राहते. अशा वेळी गाडी नव्हे, तिचा त्या वर्षीचा छायाचित्रातला नोंदणी क्रमांक विचारावा.

विकण्याबद्दल मला सांगण्यासारखे थोडेच आहे, कारण मी फारसे विकत नाही. मात्र गाडी आणि तिचे कागद वेगवेगळे विकू नयेत, हा नियम मी पाळतो. जुन्या ओळखपट्ट्या आणि नोंदणीपुस्तके सुटी विकत घेणारे लोक असतात. त्यांना त्या कशासाठी हव्या असतात, हे माझ्या पहिल्या जीपच्या डॅशबोर्डने मला शिकवले. ती जीप मी अखेर विकायला काढली, तेव्हा विक्रीच्या मजकुरात ‘फोर्ड चासी, विलिस इंजिन, सामाईक बॉडी’ असे पहिल्याच ओळीत लिहिले आणि ती नकली पट्टी स्क्रू काढून एका पाकिटात, वर ‘नक्कल’ असे लिहून, वहीत ठेवली. त्या वहीत मी बदललेल्या प्रत्येक भागाची तारीख होती आणि काढलेले जुने भाग एका पत्र्याच्या पेटीत होते. ओळखीच्या एका व्यापाऱ्याने मला वेड्यात काढले, कारण पट्टी जागेवर राहिली असती तर किंमत बरीच वाढली असती. पहिले दोन ग्राहक ती ओळ वाचून फिरकलेच नाहीत. तिसरा आला तो स्वतःची टॉर्च घेऊन, आणि रंगाकडे न पाहता थेट रेडिएटरखाली आडवा झाला. बाहेर येऊन त्याने हात झटकले आणि पेटीत ‘एफ’चे मूळ बोल्ट किती आहेत ते विचारले. आम्ही दोघांनी मिळून मोजले, एकोणीस निघाले.