लाकूड कुठी बांधू?

"दादा, चाकाले लाकूड बांधतो. कुठी बांधू?" भाऊंनी मला विचारलं.

गेममधला ट्रॅक्टर पांदणीत आखापर्यंत गाऱ्यात फसला होता. दोर होता, सरपण वाहायच्या कामासाठी दिलेलं लाकूडही होतं. दोर ट्रॉलीला, बाभळीच्या बुंध्याला, कशालाही बांधता येत होता, फक्त चाकाला नाही. भाऊंनी चार वेळा चाकावर बोट ठेवलं आणि चारही वेळा दोर आरपार गेला. "हे चाक खोटं हाय," ते म्हणाले. बरोबर होतं त्यांचं.

काम एका कंपनीचं: फोनवर चालणारा शेतीचा गेम. ट्रॅक्टर, माती आणि ट्रॉली यांचं फिजिक्स माझ्याकडे. हिंगणघाटच्या पुढच्या एका गावात मे महिन्यात चाचणी ठेवली, कारण पेरणीच्या तोंडावर कोणी फोन हातातही घेत नाही. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवणारे भाऊ लिंबाखाली बसून खेळत होते. ऊन पंचेचाळीसच्या वर. अशा उन्हात फोन तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि फिजिक्सचं गणित वेळेत संपलं नाही की गेमचं इंजिन, म्हणजे हे गणित करणारं सॉफ्टवेअर, उरलेला वेळ सरळ टाकून देतं. ट्रॅक्टर स्वप्नात असल्यासारखा चालू लागतो. वातानुकूलित खोलीत बसून चाचणी घेणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

आता चाक खोटं का, ते सांगतो. बहुतेक गेमांत गाडीचं चाक म्हणजे वस्तू नसतेच. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनातलं व्हील कोलायडर घ्या. चाकाच्या मध्यातून खाली एक किरण सोडायचा, तो जमिनीला किती अंतरावर लागला त्यावरून स्प्रिंगचा जोर काढायचा, घसरण किती त्यावरून पकड काढायची, आणि हे सगळे जोर गाडीच्या सांगाड्याला लावायचे. गोल फिरताना दिसतं ते नुसतं चित्र. ही युक्ती स्वस्त आहे, स्थिर आहे आणि रस्त्यावर उत्तम चालते. पण किरणाला दोर बांधता येत नाही.

मातीवर मात्र मी जीव ओतला होता. चाक किती रुतेल यासाठी बेकरचं सूत्र: दाब हा रुतण्याच्या खोलीच्या ठरावीक घातानुसार वाढतो. काळ्या मातीची खरी खोड त्यात नाही, ती वेगळी लिहिली. ओली रेगड टायरला चिकटते, दोन गुट्ट्यांमधल्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतं. माझ्या मॉडेलमध्ये प्रत्येक फेरीला थर वाढतो, सहा सेंटिमीटरपर्यंत, आणि पकड ०.६ वरून ०.२५ वर येते. चाक जोरात फिरवलं तर थर उडतो. हे पाहून भाऊ हसले, "हे जमलं." आमच्या ग्राफिक्सवाल्याने मातीच्या भेगांवर तीन आठवडे घालवले होते. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

लाकडाची रीत मला ऐकून माहीत होती. मागच्या दोन्ही चाकांपुढे आडवं लाकूड ठेवून ते टायरला बांधायचं. चाक फिरलं की लाकूड खाली जातं, चाक त्याच्यावर चढतं आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. भाऊंना एवढंच करायचं होतं. ते मी कुठल्याही यादीत लिहिलं नव्हतं.

परत येऊन मागची दोन चाकं खऱ्या वस्तू केल्या. पहिली अडचण आकाराची. युनिटीत सिलिंडरचा कोलायडर, म्हणजे टक्कर मोजायचा आकार, नाही. त्रिकोणांची बहिर्वक्र (बाहेर फुगलेली) जाळी वापरावी तर २५५ त्रिकोणांची मर्यादा. ३२ कोनांचं चाक केलं. ६५ सेंटिमीटर त्रिज्येला प्रत्येक कोपऱ्यावर ट्रॅक्टर तीन मिलिमीटर उचलला जाऊन आपटतो, एका फेरीत ३२ वेळा. ऐकू येत नाही, पण ट्रॉलीची पिन थरथरताना दिसते. ६४ कोन घेतले तर २५२ त्रिकोण होतात आणि धक्का मिलिमीटरच्या आत येतो. ६५ कोन घेतले की २५६, मर्यादेबाहेर. असलं काठावर बसलेलं गणित जुळलं की त्या दिवशी जेवण गोड लागतं.

दुसरी अडचण दोराची. दोराचा एक तुकडा २०० ग्रॅमचा आणि त्याच्या टोकाला दोन टनांचा ट्रॅक्टर. वजनाचं गुणोत्तर १ ला १०,०००. गेमचं इंजिन प्रत्येक सांधा आळीपाळीने दुरुस्त करत जातं, युनिटीत मूळ सेटिंग सहा फेऱ्यांची आणि पाऊल, म्हणजे गणित एका वेळी जेवढं पुढे सरकतं तो वेळ, ०.०२ सेकंदाचं. एवढ्यात जोर दोराच्या दुसऱ्या टोकाला पोचतच नाही आणि दोर रबरासारखा ताणतो. बहुतेक जण इथे फेऱ्या सहाच्या साठ करतात. २०१९ मध्ये मॅकलिन, म्युलर या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच खर्चात फेऱ्या वाढवण्यापेक्षा पाऊल बारीक करणं कितीतरी चांगलं, कारण एका पावलातली चूक पावलाच्या वर्गाप्रमाणे घटते. २० मिलिसेकंदांचे २० तुकडे केले की चूक ४०० पटीने कमी. अख्खं जग एवढ्या बारीक पावलांनी चालवणं फोनला झेपत नाही, म्हणून ट्रॅक्टर, दोर आणि लाकूड एवढ्यांसाठीच वेगळा छोटा सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारा कोड, लिहिला. बीमएनजी या गाड्यांच्या गेमवाले गाडीचं गणित सेकंदाला २००० वेळा करतात, पण ते कॉम्प्युटरवर.

तिसरी गोष्ट अडचण म्हणून आलीच नाही. चाक खरी वस्तू झालं की ट्रॅक्टरचं इंजिन चाकाला जेवढा पीळ देतं तेवढाच उलटा पीळ सांगाड्याला बसतो. हे मी वेगळं लिहिलेलं नाही, ते न्यूटनकडून आपोआप आलं.

दुसऱ्या खेपेला भाऊंनी लाकूड बांधलं. लो गिअर, पहिला. क्लच सोडला. लाकूड चिखलातल्या दगडाला अडलं, चाक थांबलं, आणि ट्रॅक्टरचं नाक उठलं. उठतच गेलं. ट्रॅक्टर मागे उलटा पडला, स्टेअरिंग खाली.

भाऊंनी फोन पालथा ठेवला. "असंच होते," म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

रात्री आकडे तपासले, कारण पहिला संशय स्वतःच्या कोडवर घ्यावा. वजन २००० किलो, गुरुत्वमध्य मागच्या आखाच्या ८० सेंटिमीटर पुढे. नाक उचलायला साधारण १५,७०० न्यूटन-मीटर लागतात. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा पीळ १६०, पहिल्या लो गिअरमध्ये तो सुमारे २०० पट होतो, म्हणजे ३२,०००. दात्यांच्या घर्षणात थोडं गेलं तरी गरजेच्या पावणेदोनपट उरतं. एरवी चाक घसरतं म्हणून हा जोर जमिनीपर्यंत पोचतच नाही. ज्या घसरण्याला सगळे शिव्या देतात तेच नाक खाली ठेवतं, आणि लाकूड बांधून आपण नेमकं तेच बंद करतो. साखळी आखाच्या वर, टॉपलिंकला (मागच्या वरच्या दांड्याला) बांधून ओढलं तरी शेवट हाच. गुरुत्वमध्य आखाच्या माथ्यावर यायला सुमारे ७५ अंश लागतात, सॉल्व्हरमध्ये सव्वा सेकंद. तेवढ्यात क्लचवर पाय पोचला तर पोचला. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती लोखंडी चौकट सक्तीची केली, ती या सव्वा सेकंदासाठीच.

कंपनीत व्हिडिओ दाखवला. पहिला प्रश्न: "हा बग किती दिवसांत निघेल?" बग नाही म्हटल्यावर उत्तर आलं की खेळणारा चिडेल, नाक ३० अंशांवर अडवा. सोबत एक सल्लाही मिळाला: पुढे हे सगळं एआयच करेल, एवढं खोलात कशाला जाता. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगल डीपमाइंडने दाखवलेलं जिनी ३ मी पाहिलं आहे. शब्दांवरून चालतं-फिरतं जग उभं राहतं, थक्क व्हायला होतं. पण तिथे किरणही नाही. व्हिडिओ पाहून शिकलेली पुढची चित्रं आहेत. लाकूड बांधून ट्रॅक्टर निघाल्याचे व्हिडिओ लोक हौसेने टाकतात. उलटला तेव्हा तिथे फोन कोण धरून असतं? उलट २०२३ च्या झेल्डा या गेममध्ये निन्टेंडो कंपनीने झाडून सगळ्या वस्तू फिजिक्सवर चालवल्या, म्हणून खेळणाऱ्यांनी बनवणाऱ्यांच्या बापाला सुचली नसती अशी यंत्रं बांधली. मला तीच वाट खरी वाटते. महाग आहे, हे कबूल.

३० अंशांची अट मी घातली. एक ओळ आहे, दहा मिनिटांचं काम. आता लाकूड अडलं की नाक थोडं उठतं, थबकतं, हळूच खाली येतं आणि ट्रॅक्टर प्रत्येक वेळी बाहेर निघतो. लाकूड बांधायची सोय कंपनीला फार आवडली. जाहिरातीच्या व्हिडिओत तीच पहिली घेतली आहे.

अट काढायचा पर्याय सेटिंगमध्ये द्या, असं दोनदा लिहून पाठवलं. उत्तर नाही. गेमचा तो बिल्ड (तयार आवृत्ती) मी भाऊंना अजून दाखवलेला नाही.