नशेच्या आधीचे दोन तास

व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो 'का घेतोस?' या प्रश्नावर. त्याची उत्तरं ठरलेली असतात: टेन्शन, संगत, सवय. तिन्ही खरी असतात, पण तिन्ही बिनकामाची, कारण त्यांवर दुसऱ्या दिवशी करण्यासारखं काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी विचारावं, 'शेवटचं कधी घेतलंस? त्याच्या आधीच्या दोन तासांत काय काय झालं, ओळीने सांग.'

अर्थात हा प्रश्न विचारण्याजोगी अवस्था आधी यायला हवी. दारू किंवा झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, डायझेपामच्या जातीतल्या) रोज घेणाऱ्याला 'आजपासून बंद' असं सांगणं धोक्याचं आहे. दारू एकदम थांबवली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो. गोळ्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. हेरॉइन थांबवल्याचा त्रास शेवटच्या डोसनंतर साधारण आठ-बारा तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतो आणि आठवडाभरात ओसरतो. अंग मोडून येतं, जुलाब होतात, झोप उडते. अशा माणसासमोर बसून बालपण उकरण्यात अर्थ नाही. वीस मिनिटं बोलावं, पाणी आणि औषध बघावं, पुढची भेट ठरवावी.

मग तो दोन तासांचा हिशोब. समजा माणूस म्हणाला, 'शुक्रवारी रात्री घेतलं.' मागे मागे जायचं, साखळी दोन तासांच्याही मागे जात असेल तर तिथवर. दुपारचं जेवण झालं नव्हतं. चार वाजता पगार जमा झाल्याचा मेसेज आला. साडेपाचला कामावर कुणीतरी बोललं. सहाला घरी फोन केला, तिथेही खटका उडाला. रोजचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने निघाला, 'सहजच'. वाटेत जुना दोस्त भेटला. आठ वाजता हातात पुडी होती. त्याच्या लेखी नशा आठ वाजता झाली. कागदावर बघितलं तर ती चारलाच सुरू झाली होती, आणि 'सहजच' बदललेला रस्ता हा सगळ्यात बोलका दुवा आहे. असे वरवर निरुपद्रवी दिसणारे निर्णय प्रत्येक साखळीत एक-दोन तरी सापडतात. साखळी तोडायची ती सुरुवातीच्या टोकाला. पगार दुसऱ्याच्या खात्यात वळवणं किंवा चार वाजता पोटभर खाणं जमतं. पुडी हातात आल्यावर नाही म्हणणं जवळपास कुणालाच जमत नाही.

हे घरी लिहून आणायला सांगायचं, दोन आठवडे. रकाने मोजकेच: वेळ, जागा आणि माणसं, मनात-शरीरात काय चाललं होतं, घेतलं की नाही आणि किती, लगेच काय मिळालं, नंतर काय गेलं. तलफ आली पण घेतलं नाही, तेही लिहायचं; खरं तर त्याच नोंदी जास्त कामाच्या, कारण त्या वेळी काय उपयोगी पडलं ते त्यांत असतं. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, अख्खा तक्ता भेटीच्या आदल्या रात्री बसून भरला जातो. शाई एकच, अक्षर एकच, लगेच कळतं. रागवायचं कारण नाही. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला तरी चालतो. दुसरी, 'लगेच काय मिळालं' हा रकाना रिकामा येतो, कारण समुपदेशकाला काय ऐकायला आवडेल याचा अंदाज समोरच्याने बांधलेला असतो. तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. झोप मिळाली, डोकं शांत झालं, चार लोकांत बोलायची हिंमत आली, असं काहीतरी मिळतच असतं. ते दुसरीकडून मिळायची सोय झाली नाही, तर सोडलेली नशा पुन्हा हाक मारते.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलेली प्रेरणात्मक संवादाची पद्धत आज सगळीकडे शिकवतात, पण घाईत तिचा नुसता सांगाडा उरतो. त्यातला एक प्रश्न बघा: 'सोडणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा?' समजा उत्तर आलं चार. नवखा समुपदेशक विचारतो, 'फक्त चारच का?' आणि समोरचा न सोडण्याची कारणं सांगू लागतो. विचारायचं असतं, 'चार का? दोन का नाही?' आता सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून येतात. समुपदेशकाचा आवाज अर्ध्याहून जास्त वेळ ऐकू येत असेल, तर समुपदेशनातला 'सम' गळून उपदेश तेवढा उरला असं समजावं.

तलफ बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत चढून उतरते. हे सांगून पटत नाही, घड्याळ लावून अनुभवावं लागतं: शरीरात नेमकं कुठे जाणवतंय, छातीत की जबड्यात, दर दोन मिनिटांनी दहापैकी किती. नकार द्यायचा सरावही भेटीतच, मोठ्याने, पाच-सहा वेळा करावा. 'आज तब्येत बरी नाही' हा नकार नव्हे, उद्याचं आमंत्रण आहे. 'नाही, मी सोडलंय' एवढंच बोलून पाय तिथून हलवायचे.

हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेत नुसत्या बोलण्यावर विसंबणं मला चुकीचं वाटतं. मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिन (नशेच्या जागी दिली जाणारी, तलफ आणि त्रास आवरणारी औषधं) चालू असलेल्यांचा मृत्यूचा धोका लक्षणीय कमी होतो. 'एक नशा सोडून दुसरी लावली' हा टोमणा घरचे मारतात ते समजू शकतं. समुपदेशकाने मारू नये. ब्यूप्रेनॉर्फिन घाईने, आधीची नशा अंगात असताना घेतलं, तर त्रास एकदम उसळतो आणि माणूस औषधालाच कायमचा घाबरतो. म्हणून त्रासाची लक्षणं नीट दिसेपर्यंत थांबतात. नाल्ट्रेक्सोनसाठी (हे अफूजन्य नशेचा परिणामच रोखतं) तर सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे जावे लागतात. कोकेन आणि मेथॅम्फेटामिनसाठी असं खात्रीचं औषध नाही. तिथे सगळ्यात चांगले पुरावे आहेत ते बक्षीस-पद्धतीचे: आठवड्यातून दोन-तीनदा लघवीची तपासणी, चाचणी स्वच्छ आली की त्याच क्षणी छोटं कूपन, सलग स्वच्छ आली तर वाढत जाणारं, घसरला तर पुन्हा पहिल्या रकमेवर. लोकांना हे लाच दिल्यासारखं वाटतं. पण नशा आपलं बक्षीस लगेच देते, आणि तिच्याशी स्पर्धा महिन्याअखेरच्या शाबासकीला जमत नाही. कूपन 'पुढच्या वेळी देऊ' म्हटलं की सगळी पद्धत कोसळली.

घसरण होणार हे धरूनच आखणी करावी. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी 1985 मध्ये एकदा पाय घसरणं आणि पुन्हा व्यसनात जाणं या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. मधला पूल असतो तो 'आता घेतलंच आहे, मग काय उरलं?' हा विचार. खिशात एक चिठ्ठी असू द्यावी: थांब, जागा सोड, अमक्याला फोन कर, दोन दिवसांच्या आत भेटायला ये. अफूजन्य नशेत आणखी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवी. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुनाच डोस जीव घेऊ शकतो. मिळत असेल तिथे नॅलोक्सोन (जादा डोसचा परिणाम उलटवणारं औषध) घरात हवं, आणि ते कसं द्यायचं हे घरच्यांना आधीच दाखवून ठेवलेलं हवं.

घसरला म्हणून उपचारातून काढून टाकणारी केंद्रं आहेत. ज्या आजारासाठी माणूस आला, त्याचंच लक्षण दिसलं म्हणून दार लावायचं, हे मला कधी कळलेलं नाही.

भेटी किती? पहिले तीन महिने आठवड्यातून किमान एक, पुढे अंतर वाढवत न्यावं. त्याहून कमी काळात सहसा फार काही टिकत नाही. दिवस मात्र केंद्राच्या सोयीने ठरवू नये. तक्त्यात शुक्रवारची संध्याकाळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर भेट शुक्रवारी सहाला. केंद्र पाचला बंद होत असेल, तर सहा वाजता फोन, दहा मिनिटांचा, आणि तो समुपदेशकाने करायचा.