तिसरं, सातवं, नववं स्थान

शुक्रवार, १४ मार्च २०२५

आज धुळवड. सकाळपासून फाट्यावर एकही ऑटो नाही. चर्च तालुक्याच्या गावी, सात किलोमीटर. क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणवाटेवरच्या चौदा स्थानांपाशी थांबत करायची प्रार्थना, चारला सुरू होते, म्हणून दोनलाच निघाले. आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे वं आज. ऊन पाय ना कसं तापून राहिलं." मी डोक्यावर पदर घेतला नि चालू लागले. वर्षभर राहूच तर दिलं होतं.

नाल्याकाठचा पळस फुलला आहे. वाटेत पोरांनी अडवलं, "काकू, लावू का?" मी गाल पुढे केला. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार असला तरी लेकरांना नाही कशाला म्हणायचं? शेजारच्या भाभींचे रोजेही चालू आहेत. यंदा आमच्या बोळीत रमजान आणि उपवासकाळ तीन दिवसांच्या अंतरानं सुरू झाले.

गेल्या वर्षी याच दिवसांत गारा पडल्या. हरभरा सोंगून ठेवला होता, गहू ओंबीवर. वीस मिनिटांत सगळं झोपलं. हे सकाळी वावरातून आले, ओट्यावर बसले, एक शब्द बोलले नाहीत. एप्रिलात पुण्याला रखवालदारीला गेले, अजून तिथंच आहेत.

त्याआधी मी रोज रात्री बायबलातलं ९१वं स्तोत्र म्हणायची. रात्रीचं भय वाटणार नाही, पीडा घराजवळ येणार नाही, पाय दगडावर आपटू नये म्हणून देवदूत तुला हातांवर झेलतील, असं सगळं त्यात आहे. म्हणताना डोळ्यांपुढे आमचं वावर असायचं. गारा पडल्या त्या रात्री बायबल पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलं. चर्चच्या बायांनी विचारलं की गुडघा दुखतो म्हणायची. गुडघा दुखत नव्हता. मी देवावर रुसले होते, आणि एकटीनं रुसणं फार जड जातं. ऐकणारा तोच होता नि बोलणं त्याच्याशीच बंद.

५ तारखेला, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, आत्याबाईंनी जवळपास ओढतच नेलं. ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात. गेल्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मी घरीच होते, म्हणजे माझ्या हातची झावळी त्या राखेत नव्हती. तरी फादरनी माझ्या कपाळावर ती लावली. घरी येईपर्यंत पुसली नाही.

मग रविवारी लूकचं शुभवर्तमान, चौथा अध्याय. येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी. सैतान त्याला मंदिराच्या टोकावर नेतो नि म्हणतो, घे खाली उडी, देवदूत झेलतील, तसं लिहिलंच आहे. कुठे लिहिलंय? त्याच ९१व्या स्तोत्रात. आणि थोड्याच वेळापूर्वी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आम्ही तेच स्तोत्र गायलो होतो! तेच शब्द आधी आमच्या तोंडी, मग सैतानाच्या. मी बाकावर बसल्या जागी थिजले. इतकी वर्षं मी ते कसे म्हणत होते? वावराला काटेरी कुंपण घालावं तसे. मी रोज म्हणीन, तू गारा आवर. असा तो करार होता आणि तो मोडला म्हणून मी पेटी बंद केली.

आज चौदा स्थानं केली. तिसऱ्याला येशू पहिल्यांदा पडतो, सातव्याला दुसऱ्यांदा, नवव्याला तिसऱ्यांदा. शुभवर्तमानात हे पडणं लिहिलेलं नाही, भाविकांनी परंपरेनं जपलंय. लहानपणापासून या तिन्ही ठिकाणी गुडघे टेकत आले, पण नवव्याला आज उठताच येईना. मंदिराच्या टोकावरून ज्यानं उडी घेतली नाही, त्याचाच पाय इथे दगडावर आपटतो. तीनदा. कोणी झेलायला येत नाही. आणि बाराव्या स्थानाला तो काय म्हणतो? बापा, माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो. झेललं नाही म्हणून त्यानं ते हात सोडले नाहीत. मी सोडले होते. खूप रडले. शेजारच्या म्हातारीनं काही विचारलं नाही, नुसता पाठीवर हात ठेवला.

येताना ओळखीचा ट्रॅक्टर मिळाला.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. हरभऱ्याची गंजी वावरातच आहे, मळणीचा हडंबा सोमवारशिवाय मिळत नाही. आत्याबाई नि मी ताडपत्री ओढली, कडेनं धोंडे ठेवले. ह्यांचा फोन आला.

"आभाळ हाय का तिकडं?"

"हाय."

"झाकलं?"

"झाकलं."

मग दोघंही जरा वेळ तसेच फोन धरून राहिलो.

रात्री पेटी उघडली. बायबलाला डांबरगोळ्यांचा वास लागलाय. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण स्तोत्र तोंडपाठ. मी ओळ वाचायच्या आधीच त्या म्हणून टाकत होत्या. मधेच टिनांवर चार थेंब वाजले. आम्ही दोघी थांबलो, बाहेर कान दिला, आणि सोडलं होतं तिथून पुढे म्हणू लागलो.