एका बाटली गाळासाठी सव्वाचार महिने

पीएचडीची पाच वर्षं मी कथिलाच्या सेंद्रिय संयुगांत काढली. स्फटिक वाढले, एनएमआर (रेणूची रचना ओळखायची चाचणी) झाले, प्रबंध गेला. त्या काळात जेवढा जीव मेटाकुटीला आला नाही, तेवढा नंतर एक बाटली गाळ मागवताना आला.

पोस्टडॉकला पर्यावरणाच्या प्रयोगशाळेत गेले आणि तेच कथिल वेगळ्या रूपात समोर आलं: ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी. जहाजाच्या बुडाला शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून ते रंगात घालत. पाण्यात लिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी काही शंखगोगलगाईंच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत कालवांची शेती यापायी बसली आणि १९८२ मध्ये तिथे लहान बोटींवर हा रंग बंद झाला. जगभरची बंदी २००८ मध्ये लागू झाली. पण गाळाच्या खालच्या थरांत, जिथे प्राणवायू नाही, तिथे टीबीटी वर्षानुवर्षं टिकतं. आम्हाला कोकणातल्या गोद्यांजवळचा गाळ तपासायचा होता.

माझा आकडा बरोबर आहे हे दाखवायचं तर टीबीटीचं प्रमाण आधीच ठरवून दिलेला प्रमाणित गाळ हवा. असा बंदरातला गाळ कॅनडात तयार होतो. मी नोव्हेंबरमध्ये इंडेंट, म्हणजे खरेदीचा मागणी-अर्ज, भरला.

खरेदी विभागाने तीन कोटेशन्स मागितली. देणारा एकच आहे म्हटल्यावर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट मागितलं. ते दिलं तर 'जेममध्ये (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) मिळत नाही' याचा दाखला राहिला म्हणून फाइल परत आली. तो जोडला, तर सरांची सही चुकीच्या रकान्यात होती म्हणून पुन्हा परत. प्रत्येक फेरीला आठ-दहा दिवस. एकदाच बसून पाचही कागदांची यादी हातात दिली असती तर डिसेंबरमध्येच ऑर्डर गेली असती. याचा राग मला अजून येतो.

फेब्रुवारीच्या शेवटी पार्सल विमानतळावर उतरलं आणि क्लिअरिंग एजंटचा फोन आला, "मॅडम, इन्व्हॉइसवर मरीन सेडिमेंट लिहिलंय. म्हणजे माती. परदेशातल्या मातीला प्लांट क्वारंटाइनचा परवाना लागतो."

नियम रास्तच आहे. मातीबरोबर कीड येते, बुरशी येते. पण चार महिने फाइल ज्यांच्या टेबलावर होती, त्यांच्यापैकी कुणीही हे विचारलं नाही. कार्गोत रोजचं भाडं चढत होतं आणि ३१ मार्चला माझा निधी परत जाणार होता. मी रात्रीच कॅनडाला मेल टाकला. सकाळी उत्तर हजर: गाळ सुकवलेला आहे, किरणांनी निर्जंतुक केलेला आहे, लेटरहेडवर सहीसकट. ते पत्र, सरांचं हमीपत्र आणि 'फक्त विश्लेषणासाठी' असा अर्ज घेऊन मी स्वतः गेले. तरी अठरा दिवस लागले.

तर तुम्ही मागवणार असाल तर हे पत्र ऑर्डरबरोबरच मागा. इन्व्हॉइसवर 'प्रमाणित संदर्भ पदार्थ, प्रयोगशाळेतील विश्लेषणासाठी, निर्जंतुक' एवढं सगळं लिहून घ्या. आणि इंडेंट दिवाळीआधी टाका, मार्चच्या तोंडावर नको.

बाटली तळहातात मावेल एवढी होती. आत राखेसारखी करडी पूड. त्यातली अर्धा ग्रॅम घेतली, ट्रोपोलोन (कथिलाला धरून ठेवणारं रसायन) घालून त्यातलं टीबीटी आम्लात काढलं आणि सोडियम टेट्राएथिलबोरेटने इथाइल गट जोडले. हे बोरेट हवेत पेट घेतं, म्हणून लॅबमधली मुलं त्याला हात लावायला घाबरत. मी पाच वर्षं श्लेंक लाइनवर, म्हणजे हवा लागू न देता काम करायच्या काचेच्या नळ्यांवर, काढलेली. नायट्रोजनखाली द्रावण करून दिलं. जीसी-एमएसवर (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर) टीबीटीचं शिखर स्वच्छ वर आलं आणि तिन्ही वेळा आकडा प्रमाणपत्राच्या मर्यादेत बसला. त्या संध्याकाळी मी घरी आईला फोन करून सांगितलं.

एक राहिलंच. बाटली उघडली की पूड ओल धरते. थोडी पूड वेगळी काढून १०५ अंशांवर सुकवा, ओल मोजा आणि आकडा कोरड्या वजनावर काढा. सुकवलेली पूड मात्र टीबीटीसाठी वापरू नका. उरलेली बाटली अंधारात, फ्रीजरमध्ये ठेवा. दुसरी मिळायला किती दिवस लागतात ते वर लिहिलंच आहे.