कोणता पासवर्ड मागतोय आणि कोणता आकडा दाखवतोय?

घरच्या कॉम्प्युटरवर काही अडलं की दोन सल्ले हटकून मिळतात: ‘काढून परत टाक’ आणि ‘फॉरमॅट मार’. दोन्ही कधीतरी लागतात, पण फार क्वचित. बहुतेक वेळा स्क्रीनवर काय लिहून आलंय ते कोणी पूर्ण वाचलेलंच नसतं. पासवर्डची चौकट आली तर ती कोणत्या खात्याचा पासवर्ड मागते आहे, आणि इन्स्टॉलेशन मोडलं तर शेवटच्या खिडकीत कोणता आकडा होता, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी घराघरांत ती चालूच आहे.

आधी पिन आणि पासवर्ड. लॉगिनला जो चार किंवा सहा आकड्यांचा पिन टाकता, तो फक्त त्या एका मशीनपुरता असतो. पासवर्ड असतो मायक्रोसॉफ्ट खात्याचा, म्हणजे त्या ईमेल पत्त्याचा. वर्षभर पिननेच आत जाणाऱ्या माणसाला तो आठवत नाही, यात नवल नाही. पिन विसरला तर चौकटीखालच्या ‘आय फरगॉट माय पिन’वर जायचं. तिथे खात्याची ओळख पटवावी लागते आणि त्यासाठी इंटरनेट लागतं. लॉगिन स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह असतं, तिथून आधी जोडून घ्या. पासवर्डही विसरला असेल तर तो मोबाइलवरून बदलता येतो. मात्र बदलल्यावर मशीन नेटला जोडलेलं नसेल, तर ते जुनाच पासवर्ड खरा मानतं आणि नवा नाकारतं. ‘आत्ता तर बदलला, तरी घेत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

पिन अनेकदा चुकला की विंडोज अचानक ‘ए-१-बी-२-सी-३’ टाइप करायला सांगते. हा व्हायरस नव्हे आणि नवा पासवर्डही नव्हे. एखादी कळ अडकून आकडे आपोआप पडत नाहीत ना, एवढंच ती तपासते. दिसतं तसं टाइप करा, मग पुन्हा पिन विचारला जाईल. लॅपटॉपच्या उजव्या बाजूच्या आकडेकळा वापरत असाल तर नम लॉक चालू आहे का तेही बघा.

पिन आणि पासवर्डमधला हा फरक सगळ्यात जास्त नडतो तो घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं शेअर केलेलं फोल्डर किंवा प्रिंटर उघडताना. ‘एंटर नेटवर्क क्रेडेन्शिअल्स’ अशी चौकट येते आणि लोक तिथे पिन ठोकत बसतात. पिन तिथे कधीच चालत नाही. ज्या मशीनवर ते फोल्डर आहे, त्या मशीनवरच्या खात्याचा पूर्ण ईमेल पत्ता आणि पासवर्ड द्यायचा. तरीही नाकारलं, तर त्या मशीनवर एकदा पिन बाजूला ठेवून पासवर्डनेच लॉगिन करा. तिथे पासवर्डचा पर्यायच दिसत नसेल, तर सेटिंग्जमधल्या ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये फक्त विंडोज हॅलोनेच (पिन, चेहरा किंवा बोटाचा ठसा) लॉगिन करू देणारा खटका चालू असतो. तो बंद करा.

ईमेलशी न जोडलेलं, त्या मशीनपुरतंच खातं असेल तर गोष्ट वेगळी. पासवर्ड एकदा चुकला की ‘रीसेट पासवर्ड’ दिसतं आणि खातं काढताना दिलेल्या तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरं विचारली जातात. तीही आठवत नसतील, तर घरातल्या दुसऱ्या ॲडमिन खात्यातून पासवर्ड बदलता येतो. पण ही युक्ती फुकट पडत नाही. ॲडमिनने बाहेरून पासवर्ड बदलला की त्या खात्याने विंडोजकडे कुलपात ठेवलेल्या गोष्टी, म्हणजे ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि विंडोजच्याच सोयीने एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) केलेल्या फायली, उघडत नाहीत. मालकाने स्वतः जुना पासवर्ड देऊन बदलला तर हे होत नाही. म्हणून बाहेरून बदलण्याआधी जुना आठवायला अजून अर्धा तास दिलेला परवडतो.

आता मराठी टायपिंग करणाऱ्यांचा खास घोटाळा. कळपाट मराठीवर राहिला असेल तर पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसतात, आणि त्यांच्याआड देवनागरी अक्षरं पडत असतात. काही मराठी कळपाटांत आकडेही देवनागरीच उमटतात, म्हणजे नुसत्या आकड्यांचा पासवर्डही चुकतो. लॉगिन स्क्रीनवर खाली उजवीकडे भाषेचं चिन्ह असतं ते बघा, विंडोजची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या, आणि चौकटीच्या टोकाला असलेल्या डोळ्याच्या चिन्हावर दाबून काय पडलंय ते पाहा. लॉगिनलाच दर वेळी मराठी कळपाट समोर येत असेल तर ‘लँग्वेज अँड रीजन’च्या शेवटी ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’ आहे. तिथे ‘कॉपी सेटिंग्ज’मधून, इंग्रजी कळपाट पहिला ठेवून, तीच मांडणी वेलकम स्क्रीनलाही लावता येते.

अक्षरांच्या अशाच घोळाने सरकारी पीडीएफही उघडत नाहीत. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्षाचे चार आकडे. आपल्याकडे फॉर्म भरताना आडनाव आधी लिहायची सवय आहे, पण इथे आधारवर जे पहिलं छापलंय तेच धरायचं. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीनच. आद्याक्षरापुढे टिंब असेल तर ते टिंबही मोजायचं. आयकराच्या बाबतीत उलटं: वार्षिक माहिती विवरण (एआयएस) आणि १४३(१) ची, म्हणजे रिटर्न तपासल्याची, सूचना उघडायला पॅन लहान इंग्रजी अक्षरांत लिहून त्याला चिकटून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत. मध्ये रेघ नाही, जागा नाही. एकाला मोठी अक्षरं, दुसऱ्याला लहान. कोणी ठरवलं कोण जाणे.

एक निळी स्क्रीन मात्र वेगळी आणि जास्त गंभीर आहे: बिटलॉकरची, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागणारी. ४८ आकडे, सहा-सहाच्या आठ गटांत. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. मालकाला याचा पत्ता नसतो. मग बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की ही स्क्रीन उभी राहते. मोबाइलवरून त्याच खात्यात जाऊन डिव्हाइसेसच्या पानावर किल्ली शोधा, आणि स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ चिन्हं तिथल्या आयडीशी जुळवून घ्या, कारण एकाच खात्यात जुन्या मशीनच्या किल्ल्याही असतात. लॅपटॉप दुकानातून सेट करून आणला असेल, तर किल्ली दुकानदाराने वापरलेल्या ईमेल खात्यात असू शकते. किल्ली कुठेच सापडली नाही, तर त्या डिस्कवरचा डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही. पासवर्ड उडवणारा पेनड्राइव्हही इथे निकामी. दुरुस्तीला देण्याआधी किल्ली कागदावर उतरवून घ्या, आणि शेवटी नीट तपासा. एक आकडा चुकला तरी उपयोग नाही.

पासवर्ड बरोबर, नेट चालू, तरीही खातं लॉगिन होत नाही आणि प्रत्येक वेबसाइट प्रमाणपत्राची तक्रार करते? घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बटणासारखी बॅटरी संपली आहे. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त असते, आणि बटण बंद असताना घड्याळ पूर्णपणे याच बॅटरीवर चालतं. तात्पुरतं ‘डेट अँड टाइम’मध्ये ‘सिंक नाऊ’ करा. बॅटरी बदलणं हे प्लग काढून करायचं पाच मिनिटांचं काम आहे.

आता इन्स्टॉलेशन. सुरुवात पुन्हा पासवर्डनेच होते. मुलांसाठी साधं, ‘स्टँडर्ड’ खातं काढलं असेल तर सेटअप चालवताना चौकट येते आणि तिच्यात नाव असतं ॲडमिनचं. तिथे मुलाचा पासवर्ड चालणार नाही, ज्याचं नाव दिसतंय त्याचाच लागेल. आणि तो दिल्यावरही एक गंमत होते: ‘फक्त या युजरसाठी’ बसणारी सॉफ्टवेअर ॲडमिनच्या खात्यात जाऊन बसतात आणि मुलाच्या स्टार्ट मेनूत काहीच दिसत नाही. सेटअप विचारत असेल तर ‘ऑल युजर्स’ निवडा.

झिप फाइल डबल क्लिक करून आतूनच सेटअप चालवणं हे बिघाडाचं फार मोठं कारण आहे. अशा वेळी विंडोज तेवढीच एक फाइल तात्पुरत्या जागी काढते. सेटअपला शेजारच्या फायली सापडत नाहीत आणि ‘फाइल नॉट फाउंड’ किंवा त्याहून गूढ काही येतं. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, मग सेटअप. दुसरं असं की सॉफ्टवेअर डी ड्राइव्हवर टाकलं तरी सेटअप स्वतः उलगडतं सी ड्राइव्हवरच्या टेम्प फोल्डरात. सी लाल झालेला असेल तर डीवरची शंभर जीबी मोकळी जागा कामाची नाही.

त्याच टेम्प फोल्डरमुळे मराठी घरांत आणखी एक भानगड होते. खातं काढताना नाव हौसेने देवनागरीत दिलं की सी ड्राइव्हवरच्या युजर्समध्ये फोल्डरही देवनागरी नावाचं तयार होतं, आणि टेम्प त्याच्या पोटात. जुन्या धाटणीची, युनिकोड (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरपद्धत) न जाणणारी सेटअप विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (ठरावीक लिप्यांच्या अक्षरांच्या तक्त्यावर) चालतात, आणि देवनागरीला तसं कोडपेज कधी नव्हतंच. त्यांना तो पत्ता प्रश्नचिन्हांचा दिसतो आणि ती मरतात. कंट्रोल पॅनेलमधून खात्याचं नाव बदलून उपयोग नाही, फोल्डरचं नाव तेच राहतं. उपाय असा: सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचं एक साधं फोल्डर करा, स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ शोधून आपल्या खात्याच्या टेम्प आणि टीएमपी या दोन्ही ओळी त्या फोल्डरकडे वळवा, लॉगआउट करून परत या आणि सेटअप चालवा. तरीही सॉफ्टवेअर चालताना अडखळत असेल तर इंग्रजी नावाचं नवं खातं काढून फायली तिकडे हलवलेल्या बऱ्या.

डीएलएल म्हणजे सॉफ्टवेअरला चालताना लागणारी मदतनीस फाइल. ‘अमुक डीएलएल सापडली नाही’, त्यातही व्हीसीरनटाइम१४०, असं आलं तर ती एकटी फाइल कुठल्याही डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून आणू नका. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाका, आणि ६४ बिट विंडोजवर ६४ व ३२ बिट असं दोन्ही टाका, कारण ३२ बिट सॉफ्टवेअरला आपलं वेगळं लागतं. हे टाकताना १६३८ हा एररचा आकडा आला तर घाबरू नका, त्याहून नवं आधीच बसलेलं आहे.

बाकी आकड्यांपैकी १६१८ म्हणजे दुसरं काहीतरी आधीच इन्स्टॉल होतंय. विंडोज अपडेट संपू द्या, नाहीतर रीस्टार्ट करा. शटडाऊन करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोजचा गाभा तसाच गोठवून ठेवला जातो आणि अडकलेलं अडकलेलंच राहतं. १६३३ म्हणजे ६४ बिटचं सॉफ्टवेअर ३२ बिट विंडोजवर घातलंय. १६२५ म्हणजे धोरणाने मनाई. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तिथल्या आयटीवाल्यांनाच विचारा. १६१२ म्हणजे मूळ सेटअपची प्रत सापडत नाही, आणि हे बहुधा जागा मोकळी करण्याच्या नादात विंडोज फोल्डरमधलं ‘इन्स्टॉलर’ नावाचं लपलेलं फोल्डर साफ केल्याचं फळ असतं. त्या फोल्डरला हात लावू नये. गेलं असेल तर मायक्रोसॉफ्टचा ‘प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल’ ट्रबलशूटर अर्धवट नोंदी काढून देतो, मग नव्याने टाका.

उरला १६०३, सगळ्यात बदनाम. त्याचा अर्थ एवढाच की काहीतरी गंभीर अडलं. काय, ते सांगत नाही. जिथे टाकायचं त्या फोल्डरवर ‘सिस्टिम’ खात्याला पूर्ण परवानगी नाही, फोल्डर एन्क्रिप्टेड आहे, जुनी आवृत्ती अर्धवट निघाली आहे, अशी कारणं असतात. अंदाज करत बसण्यापेक्षा लॉग, म्हणजे सेटअपने काय काय केलं त्याची नोंद, काढा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि एमएसआयएक्झेक, तिरकी रेघ आय (/i), अवतरणात एमएसआय प्रकारच्या सेटअप फाइलचा पूर्ण पत्ता, तिरकी रेघ एल-तारा-व्ही (/l*v) आणि लॉग फाइलचा पत्ता अशा क्रमाने कमांड द्या. सेटअप मोडलं की लॉग नोटपॅडमध्ये उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा. हजारो ओळींत तेवढीच जागा महत्त्वाची, आणि खरं कारण तिच्या लगेच वरच्या दहा-वीस ओळींत सापडतं: कुठल्या फोल्डरला परवानगी नाही, कुठली सर्व्हिस सुरू झाली नाही, कुठला ड्रायव्हर बसला नाही. ड्रायव्हरच नाकारला जात असेल, जुना प्रिंटर किंवा डिजिटल सहीचा टोकन असला की हे होतं, तर आधी बनवणाऱ्याकडून नवा ड्रायव्हर बघा. विंडोज सिक्युरिटीतल्या ‘कोअर आयसोलेशन’खालची ‘मेमरी इंटिग्रिटी’ जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करणं अगदी शेवटचा मार्ग, आणि त्याच पानावर कोणता ड्रायव्हर अडतोय त्याचं नावही मिळतं.