एका आकड्यात सांगा ना, क्वालिटी कशी आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रिव्ह्यू मीटिंगमध्ये मॅनेजर विचारतात, नुकती आयटीत लागलेली भाचरंही विचारतात: "टेस्टिंगमध्ये किती बग, म्हणजे चुका, निघाले यावरून सॉफ्टवेअर कसं आहे ते कळतंच ना?"

नाही कळत. ढीगभर बग निघाले म्हणजे कोड टुकार असेल, नाहीतर टेस्टर पट्टीची असेल. दोनच निघाले तर काम चोख असेल, किंवा टेस्टिंग नुसतं उरकलेलं असेल. त्यातून या आकड्यावर अप्रेझल ठरायला लागलं की बघायलाच नको. डेव्हलपर खुर्चीपाशी येऊन म्हणतो, "लॉग नको करूस गं, नोंद राहू दे, दहा मिनिटांत फिक्स करून देतो." टेस्टरला टार्गेट दिलं असेल, तर एकाच स्क्रीनवरच्या तीन स्पेलिंगच्या चुकांचे तीन बग होतात. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी 1976 मध्ये डिझाइन आणि कोड तपासायची शिस्तशीर पद्धत मांडली, तेव्हाच बजावलं होतं की यातले आकडे प्रोग्रामरच्या मूल्यमापनासाठी वापरू नका. ऐकतंय कोण!

मी बगच्या नोंदीतले दोन रकाने बघते: बग सापडला कुठे आणि घुसला कुठे, म्हणजे कामाच्या कोणत्या टप्प्यात. समजा, कर्जाच्या हप्त्यांचं सॉफ्टवेअर आहे. यूएटीमध्ये, म्हणजे ग्राहक स्वतः वापरून तपासतो त्या टप्प्यात, शेवटचा हप्ता बँकेच्या तक्त्यापेक्षा चार रुपयांनी वेगळा येतो. डेव्हलपर फॉर्म्युला दुरुस्त करतो, कारणाच्या रकान्यात 'कोडिंग एरर' लिहितो, बग बंद. पण खोदून बघितलं तर दर महिन्याचं व्याज पूर्ण रुपयात आणायचं की पैशांसकट पुढे न्यायचं, हे रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं त्या लेखी अपेक्षांमध्ये, कुणी लिहिलेलंच नसतं. म्हणजे मुदतपूर्व परतफेडीच्या मॉड्यूलमध्ये हाच घोळ पुन्हा होणार. तिथे टेस्टर वाढवून काय उपयोग? बँकेच्या माणसाला बसवून रिक्वायरमेंट ओळीन् ओळ वाचायला हवी.

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक व्हिक्टर बॅसिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या प्रकल्पांवर काम करताना मोजमापाचा क्रमच बसवला: आधी उद्दिष्ट, त्यावरून प्रश्न आणि मग आकडा. आपल्याकडे आकड्यांचा डॅशबोर्ड आधी येतो.

सुरुवात करायचीच असेल तर गेल्या रिलीजनंतर प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, निघालेले बग घ्या आणि प्रत्येकासमोर 'घुसला कुठे' ते भरा. फक्त ड्रॉपडाउनमध्ये 'इतर' हा पर्याय ठेवू नका, सगळे बग तिथेच जाऊन बसतात.