आमची वाटचाल: कलदार, काटा आणि लूप

आमचं जुन्या नाण्यांचं दुकान नागपूरच्या इतवारीतलं, सराफा ओळीच्या मागच्या गल्लीत. बाबांनी सुरू केलं तेव्हा मोडीची चांदी घ्यायची आणि वितळवायला पाठवायची एवढंच काम होतं. त्या मोडीत काटोल, उमरेडकडच्या घरांतून कलदार, म्हणजे ब्रिटिशांच्या वेळचे चांदीचे रुपये यायचे, व्हिक्टोरियाचे राणीछाप, नंतरचे राजाछाप, आणि ते भट्टीत टाकायला बाबांच्या जिवावर यायचं, म्हणून ते बाजूला ठेवायला लागले, मग हौशी लोक विचारत आले आणि चांदी मागे पडून नाण्यांचाच धंदा झाला.

बाबांची तपासणी सराफाची. ब्रिटिशांचा 1940 च्या आधीचा चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. जुने लोक तर रुपयेच वजन म्हणून पारड्यात टाकायचे. बाबा वजन बघायचे, वाजवून बघायचे, काम व्हायचं.

मी दुकानात बसायला लागले तोवर बाजार बदलला होता. लक्ष्मीपूजनाला जुना कलदार पाहिजे म्हणून दिवाळीत एवढी मागणी असते की जर्मन सिल्वरचे, म्हणजे चांदी नसलेल्या पांढऱ्या मिश्रधातूचे, ओतलेले व्हिक्टोरिया ढिगाने येतात, आणि बनवणारा जाडी थोडी वाढवून वजन बरोबर जुळवतो. म्हणून आम्ही पाण्याची टेस्ट सुरू केली, जाड नाणं जास्त पाणी सारते आणि ते काट्यावर दिसते. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा झिरो करायचा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं पण तळाला टेकू द्यायचं नाही. खऱ्या रुपयाला काटा 1.13 ग्रॅमच्या आसपास दाखवतो, जर्मन सिल्वरला 1.34 च्या जवळ जातो. यात नाण्याला ओरखडाही येत नाही, कसोटीवर घासायची गरज नाही, आणि गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्याने आकडा पाहून राहिलं असतं म्हणून वाद होत नाही.

पण एक टेस्ट एकाच प्रश्नाचं उत्तर देते, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक नवीन पोराला सांगते. मॅग्नेटचंच घ्या, लोकांना वाटते चिकटलं म्हणजे नकली. चांदीच्या रुपयाला ते बरोबर आहे, पण 1947 चा वाघवाला रुपया निकेलचा आहे, तो चिकटलाच पाहिजे, नाही चिकटला तर संशय घ्यायचा.

सगळ्यात अवघड असतो 1939 चा रुपया. सहाव्या जॉर्जचा, खूप दुर्मिळ, किंमत मोठी, आणि 1938 चा त्या मानाने सहज मिळतो, म्हणून कारागीर 8 चा 9 करतात. आता ते नाणं खरंच टांकसाळीचं आहे, चांदी खरी, वजन खरं, कड खरी, पाण्याची टेस्टही पास होणार. खोटा आहे तो फक्त एक आकडा. तिथे लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून तासभर बसावं लागते, 9 च्या पोटात कोरल्याची खूण आहे का, आजूबाजूची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, घासून खाली गेली आहे का, बाकीच्या तीन आकड्यांशी उंची जुळते का. खात्री झाली नाही तर आम्ही घेतच नाही, कितीही स्वस्त असो.

नागपूरकर भोसल्यांच्या नाण्यांवर माझा जास्त जीव आहे, शेवटी आपल्या गावचा इतिहास आहे तो. मुघल बादशहा अहमदशहाच्या नावाने पाडलेले हे रुपये हाताने ठोकलेले, ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे अर्धा मजकूर बाहेरच राहतो आणि दोन नाणी कधी सारखी नसतात. म्हणून दोन नाण्यांवर मजकूर एकाच जागी कापला गेलेला असेल, खड्डाही एकाच जागी असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत समजा. मराठ्यांच्या तांब्याच्या शिवराईचंही तसंच. नजर बसवायला नुसते फोटो पुरत नाहीत, आधी खरं भरपूर बघावं लागते, अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जाऊन जुनी नाणी बघा असं मी कॉलेजच्या पोरांना नेहमी सांगते.

सगळ्यात वाईट वाटते ते देव्हाऱ्यातून आणलेल्या नाण्यांचं. 1818 सालचं, ईस्ट इंडिया कंपनी लिहिलेलं, त्यावर हनुमान नाहीतर रामदरबार. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. कोणीतरी सांगितलेलं असते की तांदूळ ओढते, कोटी रुपये मिळतील, आणि माणूस कर्ज काढायच्या तयारीत असतो. मी म्हणते काकाजी, पूजेत ठेवा, पैसे कोणाला देऊ नका. काही लोक चिडून जातात, चालते.

वैष्णोदेवीच्या पाच रुपयांचे लाखो मिळतील म्हणून आधी फी मागणारे फोनही तसलेच, 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केलं होतं की आमच्या नावाने कोणी जुन्या नोटा-नाण्यांवर चार्ज मागत असेल तर देऊ नका.

आज आम्ही बिलावर धातू, वजन, पाण्यातला आकडा आणि कडेचा फोटो देतो, आणि नाणं पुढे कधीही नकली ठरलं तर पूर्ण पैसे परत. तपासणी फुकट आहे, आमच्याकडून घेतलेलं नसलं तरी. फक्त येताना चिंच किंवा राख लावून घासून आणू नका, तो काळपट थरच आम्हाला पाहायचा असतो.